राजकीय विरोध असताना हवामान तंत्रज्ञानाचे कायदे मंजूर कसे होतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सौर ऊर्जा, बॅटरी साठवण, विजेवरची वाहने, हरित हायड्रोजन, स्वच्छ इंधनाच्या भट्ट्या यांविषयीचे कायदे आणि त्यांना होणारा विरोध यांबद्दल मुंबईतील गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, विधी शाखेचे विद्यार्थी आणि लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत काम करणारी तरुण मंडळी सातत्याने प्रश्न पाठवत असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे पुन्हा मांडलेला नाही, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भारतात हवामान तंत्रज्ञानासाठी एकच स्वतंत्र कायदा आहे का?

नाही. हा विषय अनेक कायद्यांत विखुरलेला आहे. विजेचे उत्पादन, वितरण आणि अपारंपरिक वीज खरेदीचे बंधन विद्युत कायदा, २००३ मध्ये येते. इमारती, उपकरणे आणि कारखान्यांच्या ऊर्जावापराचे नियमन ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ करतो आणि २०२२ च्या दुरुस्तीने कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे उत्सर्जन घटवल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या, बाजाराची तरतूदही त्याच कायद्यात आली. वाहनांसाठी मोटार वाहन कायदा, १९८८ आहे, तर प्रदूषणासाठी पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ आहे. हवामान बदलासाठी एकछत्री कायदा नसल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये, माळढोक पक्ष्याला वीजवाहिन्यांपासून असलेल्या धोक्याच्या प्रकरणातील निकालात केली आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ व २१ मध्ये वाचला. त्यामुळे ‘कायदा मंजूर करणे’ म्हणजे प्रत्यक्षात बहुतेक वेळा जुन्या कायद्यात दुरुस्ती करणे असते आणि विरोध कोण करणार, हे कोणत्या कायद्याला हात लावला आहे यावरून ठरते.

२. सरकारने धोरण जाहीर केले आहे, तर मग कायदा कशासाठी हवा?

धोरण शासन निर्णयाने येते आणि दुसऱ्या शासन निर्णयाने बदलते. महाराष्ट्राने विद्युत वाहन धोरण २०२१ मध्ये आणले आणि २०२५ मध्ये नवे धोरण स्वीकारले. या नव्या धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेवरच्या मोटारी व बस यांना पथकरातून सूट दिली. पण त्याच वर्षीच्या मार्चमधील अर्थसंकल्पात ३० लाख रुपयांहून महाग विद्युत मोटारींवर ६ टक्के कर प्रस्तावित झाला होता आणि महिना संपण्यापूर्वीच मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचे सांगितले. तो कर योग्य होता की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. परंतु ज्याला पंधरा वर्षे चालणारी बस विकत घ्यायची आहे किंवा चार्जिंग केंद्रासाठी कर्ज काढायचे आहे, त्याला दर अधिवेशनात श्वास रोखून बसावे लागू नये, एवढ्याचसाठी कायद्याचा आधार लागतो. अर्थात कायदाही रद्द होऊ शकतो. त्याविषयी प्रश्न ९ पाहावा.

३. हा अधिकार राज्याचा की केंद्राचा?

वीज आणि मोटार वाहने हे विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे दोघांनाही कायदा करता येतो. मात्र केंद्रीय कायद्याशी विसंगत असा राज्याचा कायदा अनुच्छेद २५४(२) नुसार राष्ट्रपतींची संमती मिळाली तरच त्या राज्यात टिकतो. वाहनांवरील कर, वीजवापरावरील कर आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे निव्वळ राज्याचे विषय आहेत. म्हणून ज्यांना राज्याच्या पातळीवर काम करायचे आहे, त्यांनी शक्यतो कर, बांधकाम नियम आणि महापालिकेचे अधिकार यांतून मार्ग काढावा, असा आमचा आग्रह असतो. समवर्ती विषयातले महत्त्वाकांक्षी विधेयक दिल्लीच्या संमतीअभावी वर्षानुवर्षे भिजत पडू शकते. अनुच्छेद २०० अन्वये विधेयकावर निर्णय घेण्यासाठी राज्यपालांवर न्यायालयाला कालमर्यादा घालून देता येणार नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले असल्याने हा धोका आता अधिक गांभीर्याने धरावा लागतो.

४. विधेयक विधिमंडळात नेमके कोठे अडते?

सर्वांचा समज असा असतो की ते मतदानाच्या वेळी अडते. वस्तुतः महाराष्ट्रात बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात आणि खरा विरोध त्यापूर्वीच उमटून गेलेला असतो.

पहिला अडथळा मंत्रालयातच असतो. ऊर्जा विभागाने मसुदा केला, तरी तो वित्त आणि विधी व न्याय विभागांच्या अभिप्रायाला जातो, आणि ‘या तरतुदीचा आर्थिक भार किती?’ हा एकच प्रश्न नस्तीला कित्येक महिने थांबवू शकतो. दुसरा अडथळा मंत्रिमंडळाचा. तिसरा २८८ सदस्यांच्या विधानसभेचा आणि ७८ सदस्यांच्या विधान परिषदेचा. दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली, तर अनेकांना विधेयक बासनात गेल्यासारखे वाटते, पण आमचा अनुभव उलटा आहे. समितीत विरोधी सदस्यांना स्वतःच्या दुरुस्त्या घालता येतात आणि ज्या विधेयकात त्यांचे शब्द आहेत, त्यावर ते बाहेर तुटून पडत नाहीत. विधान परिषदेने विधेयक फेटाळले किंवा रोखले, तरी अनुच्छेद १९७ नुसार तिला प्रथम तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा संमत केल्यावर आणखी एक महिना, एवढाच विलंब करता येतो.

एक गोष्ट येथे ठळकपणे सांगितली पाहिजे. दहाव्या अनुसूचीमुळे, म्हणजे १९८५ च्या पक्षांतरबंदीमुळे, व्हिप, म्हणजे मतदानाविषयीचा पक्षादेश, निघाल्यावर एकट्या आमदाराचे मन वळवून फारसे साधत नाही. पक्षाची भूमिका ठरण्याआधी मन वळवावे लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर विधान भवनाच्या दारात निवेदन घेऊन उभे राहणारे कार्यकर्ते आम्ही दरवर्षी पाहतो, आणि त्यांची तळमळ खरी असूनही ते सहा महिने उशिरा आलेले असतात, याचे मनापासून वाईट वाटते.

५. विरोध करणाऱ्यांना हवामान बदल मान्यच नसतो का?

मुंबईत तरी असे म्हणणारा लोकप्रतिनिधी सहसा भेटत नाही. २६ जुलै २००५ चा पाऊस या शहराने पाहिला आहे. विरोध होतो तो खर्च कोणाच्या माथी पडतो यावरून.

बेकऱ्यांचे उदाहरण घ्यावे. मुंबई उच्च न्यायालयाने हवा प्रदूषणाच्या प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या व तंदूर भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणण्याचे निर्देश दिले. त्यानंतर माझगावातील एका जुन्या बेकरीत आम्ही गेलो होतो. पहाटेची लादी निघत होती, भट्टीच्या तोंडाशी मोडक्या फर्निचरचे तुकडे रचलेले होते, एका पाटावर अजून खिळे दिसत होते. मालकांनी धुराचे समर्थन एका शब्दानेही केले नाही. ते एवढेच म्हणाले की हे लाकूड भंगारातून स्वस्तात येते, गल्लीत गॅसची वाहिनी आलेली नाही, विजेची भट्टी घ्यायची तर वाढीव वीजभार मंजूर करून घ्यावा लागेल, आणि जागा भाड्याची असल्याने बँक कर्ज देताना आढेवेढे घेते. पाव रुपयाने महागला तर गिऱ्हाईक मालकांनाच विचारणार आणि त्या गिऱ्हाइकाचे मत मागायला जाणारा आमदारही त्यांच्याच बाजूने बोलणार, हे उघड आहे.

या माणसाला ‘पर्यावरणविरोधी’ ठरवून काहीही मिळत नाही. त्याच्या चार अडचणींपैकी तीन सरकारी यंत्रणा सोडवू शकते. ज्या विधेयकात इंधनबदलाच्या सक्तीबरोबर वाहिनीचे वेळापत्रक, वीजभाराच्या मंजुरीची मुदत आणि कर्जहमी असेल, त्याला होणारा विरोध सक्तीच्या विधेयकाला होणाऱ्या विरोधाच्या मानाने फार थोडा असेल, असे आम्हाला ठामपणे वाटते. विरोधकाची अडचण नावनिशीवार लिहून काढणे हे मसुद्याच्या आधीचे काम आहे.

६. काठावरच्या बहुमतावर असा कायदा झाल्याचे उदाहरण आहे का?

सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेचे आहे. २००९ मध्ये तेथील प्रतिनिधीगृहाने उत्सर्जनावर मर्यादा घालणारे विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत केले, पण सिनेटमध्ये ते मतदानापर्यंतही पोहोचले नाही, कारण तेथे चर्चा संपवण्यासाठीच १०० पैकी ६० मते लागतात. २०२२ मध्ये मार्ग बदलण्यात आला. अर्थसंकल्पीय विधेयकांसाठी असलेल्या विशेष प्रक्रियेत साधे बहुमत पुरते, म्हणून सक्तीऐवजी करसवलतींच्या रूपात कायदा लिहिला गेला. तरीही वेस्ट व्हर्जिनिया या कोळसा उत्पादक राज्याचे सिनेटर जो मँचिन यांनी स्वपक्षाचा आधीचा, मोठा मसुदा डिसेंबर २०२१ मध्ये अडवला होता. जुलै २०२२ मध्ये तडजोड झाली. बंद पडलेल्या कोळसा खाणींच्या परिसरात प्रकल्प उभारल्यास जादा सवलत आणि तेल-वायूच्या उत्खननासाठी भाडेपट्टे चालू ठेवण्याची हमी या गोष्टी त्यात आल्या. ७ ऑगस्टला सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० अशी बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मताने विधेयक संमत झाले. त्याचे नावसुद्धा ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’, म्हणजे महागाई कमी करण्याचा कायदा, असे ठेवण्यात आले होते.

यातून महाराष्ट्राने काय घ्यावे? आपला कोळसा चंद्रपुरात आहे. तेथील औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. मुंबईत बसून कोळसा बंद करण्याचे विधेयक लिहिले, तर राख आणि धूर सोसलेल्या विदर्भाच्या आमदाराला ते ‘मुंबईची हवा स्वच्छ, आमचा रोजगार बंद’ असेच दिसेल, आणि त्याचे चुकत नाही. बॅटरी किंवा सौर उपकरणांचा कारखाना, कामगारांचे प्रशिक्षण आणि जिल्ह्याच्या महसुलाची भरपाई या तरतुदी त्याच विधेयकाच्या पोटात असायला हव्यात, ‘पुढे पाहू’ या आश्वासनात नव्हेत.

७. कर लावावा की अनुदान द्यावे? कोणत्या मार्गाने विरोध कमी होतो?

स्वित्झर्लंडने या प्रश्नाचे उत्तर दोन सार्वमतांतून दिले आहे. जून २०२१ मध्ये इंधन आणि विमान तिकिटांवर आकार वाढवणारा कायदा ५१.६ टक्के मतदारांनी फेटाळला. जून २०२३ मध्ये घरांतील तेल आणि वायूवरची तापनयंत्रे बदलण्यासाठी दहा वर्षांत २ अब्ज फ्रँक आणि उद्योगांतील नव्या तंत्रज्ञानासाठी १.२ अब्ज फ्रँक देणारा, तसेच २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण) उद्दिष्ट घालणारा कायदा ५९.१ टक्के मतांनी स्वीकारला गेला. देश तोच, मतदार तेच, मुख्य विरोधी पक्षही तोच. फ्रान्सला २०१८ मध्ये इंधनकराची वाढ पिवळ्या जाकिटांच्या आंदोलनानंतर सोडून द्यावी लागली.

तरीही अनुदान हे सर्वांवर औषध नाही. अनुदानाला पैसा लागतो आणि पहिला लाभ ज्याच्याकडे स्वतःचे छप्पर आहे त्यालाच होतो. छतावरील सौर संचासाठी पंतप्रधान सूर्यघर योजनेतून घरगुती ग्राहकाला ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी ७८,००० रुपये मिळतात, पण चाळीत किंवा झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत राहणाऱ्याला त्याचा उपयोग कसा व्हावा? विरोधकांनी सभागृहात हा प्रश्न विचारला, तर तो रास्त आहे आणि उत्तर तयार असले पाहिजे. सामाईक छतावरची वीज सर्व सदनिकांच्या देयकांत वाटून देण्याची सोय हे त्याचे एक उत्तर आहे.

८. अध्यादेश काढून विरोध टाळता येणार नाही का?

काढता येईल, टाळता येणार नाही. अनुच्छेद २१३ नुसार राज्यपाल अध्यादेश काढू शकतात, परंतु अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही तर तो संपतो. केंद्राचे तीन कृषी कायदे जून २०२० मध्ये अध्यादेशाच्या वाटेने आले, सप्टेंबरमध्ये संमत झाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द करावे लागले. त्या आंदोलनाच्या मागण्यांत वीज दुरुस्ती विधेयक मागे घेण्याची मागणीही होती, कारण पंपाच्या विजेची सवलत जाईल अशी शेतकऱ्यांना भीती वाटत होती. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये ते विधेयक लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर व्यपगत झाले.

जर्मनीत जुलै २०२३ मध्ये घरांच्या तापनव्यवस्थेविषयीचे विधेयक घाईने रेटले जात असताना खासदारांना अभ्यासाला पुरेसा वेळ मिळाला नाही, म्हणून तेथील घटना न्यायालयाने त्या आठवड्यातले मतदानच थांबवले. विधेयक सप्टेंबरमध्ये संमत झाले खरे, पण त्या दोन महिन्यांत जी कटुता निर्माण झाली ती टाळता आली असती.

९. सरकार बदलले की कायदा रद्द होतो. मग एवढा खटाटोप कशासाठी?

काही वेळा होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१२ पासून लागू केलेला कार्बनवरील आकार जुलै २०१४ मध्ये रद्द झाला. प्रश्न ६ मधील अमेरिकी कायद्याच्या अनेक सवलती जुलै २०२५ च्या कायद्याने कापल्या आणि नव्या विद्युत मोटारीवरची ७,५०० डॉलरची सवलत त्या वर्षीच्या ३० सप्टेंबरनंतर बंद झाली. आश्चर्य असे की ऑगस्ट २०२४ मध्ये १८ रिपब्लिकन सदस्यांनीच स्वपक्षाच्या सभापतींना पत्र लिहून हा कायदा सरसकट रद्द करू नये अशी विनंती केली होती, कारण कारखाने त्यांच्या मतदारसंघांत उभे राहत होते. पण त्या पत्राने कायदा पुरता वाचला नाही.

डेन्मार्कने दुसरी वाट धरली. तेथे डिसेंबर २०१९ मध्ये संसदेतील बहुतेक पक्षांनी मिळून २०३० पर्यंत उत्सर्जन ७० टक्क्यांनी घटवण्याचा करार केला आणि त्यावर २०२० चा कायदा उभा राहिला. पुढे कोणीही सत्तेत आले, तरी स्वतःचीच सही नाकारणे अवघड जाते. आमच्या मते एका मताने मिळवलेल्या मोठ्या कायद्यापेक्षा विरोधकांच्या सहीचा मध्यम कायदा अधिक मोलाचा. मात्र निवडणुका तोंडावर असतील आणि संधी एकदाच मिळणार असेल, तर मोठा कायदा घ्यावा आणि त्याचा पहिला लाभ वर्षभराच्या आत लोकांच्या हातात पडेल असे पाहावे.

१०. आमदारांनी अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, मांडले तर?

चर्चा घडते, कायदा सहसा होत नाही. संसदेत स्वातंत्र्यापासून केवळ १४ अशासकीय विधेयके कायदा झाली आणि त्यांतले शेवटचे १९७० मध्ये. तरीही मसुदा अभिलेखात येतो आणि मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते, यासाठी ते मांडण्यासारखे आहे.

११. स्मार्ट मीटरला झालेला विरोध चुकीचा होता का?

तंत्रज्ञानाच्या दृष्टीने स्मार्ट मीटर उपयोगी आहेत. दुपारी सौर वीज मुबलक असताना वापरणाऱ्याला कमी दर द्यायचा, तर वेळेनुसार नोंद ठेवणारा मीटर लागतोच. पण महाराष्ट्रात ते ‘प्रीपेड’ म्हणून पुढे आले. आधी पैसे भरा, शिल्लक संपली की अंधार, अशी भीती पसरली आणि जून २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधी, सर्वसामान्य ग्राहकांकडे असे मीटर बसवले जाणार नाहीत असे सरकारला जाहीर करावे लागले. नंतर नेहमीप्रमाणे देयक येणारे मीटर बसू लागले. ज्या घरात महिन्याचा पगार सात तारखेला येतो, त्या घराला शिल्लक संपण्याची धास्ती का वाटते, हे कळायला तज्ज्ञ समितीची गरज नव्हती. स्वस्त दुपारचा दर आधी आणि मीटर नंतर, असा क्रम ठेवला असता तर लोकांनी मीटर मागून घेतला असता.

१२. कायदा न बदलता काही साधता येते का?

पुष्कळ साधता येते, आणि ही वाट फार थोडे लोक चालतात. विद्युत कायद्याच्या कलम ८६(१)(ई) नुसार अपारंपरिक विजेला चालना देणे हे राज्य वीज नियामक आयोगाचे कर्तव्य आहे. दर, छतावरच्या विजेची वजावट, साठवणुकीचे नियम हे सारे आयोग विनियमांनी ठरवतो, त्यासाठी जाहीर सूचना काढून हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. आम्ही हजर होतो अशा एका सुनावणीत औद्योगिक ग्राहकांचे वकील जाडजूड फाइली घेऊन बसले होते आणि घरगुती ग्राहकांच्या बाजूने एक निवृत्त शिक्षिका आपल्या सोसायटीची बारा महिन्यांची देयके प्लास्टिकच्या पिशवीतून काढून एकेक दाखवत होत्या. त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले गेले आणि नोंदवले गेले. तेथे पक्ष नसतो, व्हिप नसतो. लेखी हरकत मुदतीत पोहोचली पाहिजे, एवढेच.

१३. हरित प्रकल्पालाच पर्यावरणप्रेमींनी विरोध केला तर कायदा कोणाच्या बाजूने असतो?

आपोआप कोणाच्याच नाही. सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार कांदळवनांना बाधा येणाऱ्या कामाला, सार्वजनिक हिताचे असले तरी, मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते. मुंबईत स्वच्छ वीज बाहेरून आणण्यासाठीची पारेषण वाहिनीही यातून सुटत नाही. माळढोकच्या प्रकरणात (प्रश्न १) सर्वोच्च न्यायालयाने या पक्ष्याच्या अधिवासातील वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा २०२१ चा सरसकट आदेश बदलून निर्णय तज्ज्ञ समितीकडे सोपवला. विधेयकात ‘हरित प्रकल्पांना सर्व परवानग्यांतून सूट’ असे कलम घालण्याचा मोह अनेकांना होतो. ते घालू नये. अशा कलमाने आपलेच मित्र विरोधात जातात आणि प्रकल्प न्यायालयात अधिक काळ रखडतो.

१४. नगरसेवकांकडून काय अपेक्षा ठेवावी?

मुंबई हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट त्यात आहे. पण त्याच महिन्यात महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत प्रशासकच कारभार पाहत होते. म्हणजे आराखड्यावर २२७ प्रभागांच्या प्रतिनिधींची खरी चर्चा आता कोठे शक्य झाली आहे. नगरसेवक कायदा करू शकत नाहीत, परंतु अर्थसंकल्पातील तरतूद, महापालिकेच्या शाळा व मंड्यांच्या छतांवरील सौर संच आणि चार्जिंगसाठी जागा हे त्यांच्या हातात आहे. भेटायला जाताना एका पानाहून जास्त कागद नेऊ नये आणि त्या पानावर त्यांच्याच प्रभागातील छते, रस्ते आणि आकडे असावेत.

१५. विधेयक संमत झाले, राजपत्रात आले, तरी काहीच घडले नाही. असे का?

कायद्याने फक्त अधिकार मिळतो, काम नियमांनी होते. ऊर्जा संवर्धन दुरुस्ती डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने संमत केली आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. कार्बन क्रेडिट व्यापार योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली, आणि सिमेंट, ॲल्युमिनियम यांसारख्या पहिल्या काही उद्योगांसाठी उत्सर्जन तीव्रतेची, म्हणजे उत्पादनाच्या प्रत्येक एककामागील उत्सर्जनाची, उद्दिष्टे अधिसूचित व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. ज्यांचा विरोध सभागृहात टिकला नाही, ते या मधल्या काळात नियम लांबवून आपले म्हणणे साधतात. त्यावर मसुदा लिहितानाच उपाय करता येतो: ‘शासन नियम करील’ या वाक्यात ‘कायदा अमलात आल्यापासून १८० दिवसांच्या आत’ हे शब्द घालावेत, आणि नियम न झाल्यास त्याची कारणे पुढील अधिवेशनात सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक करावे.